जुन्या विंडसर्फिंग बोर्डाला नवा घाट: शेवटच्या मीटरभराचं काम

२००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये विंडसर्फिंगचा बोर्ड ३७२ सेंटिमीटर लांब आणि जेमतेम ६३ सेंटिमीटर रुंद होता. चारच वर्षांनी बीजिंगमध्ये तो २८६ बाय ९३ झाला. २०२४ मध्ये पॅरिसला २२० बाय ९५, आणि तोही फॉइलवर, म्हणजे बोर्डाला पाण्याच्या वर उचलणाऱ्या पाण्याखालच्या पंखावर. वीस वर्षांत दीड मीटर लांबी गेली आणि रुंदी दीडपट झाली.

हे आकडे पाहिले की माळ्यावर धूळ खात पडलेला नव्वदच्या दशकातला बोर्ड एकदम ओंडक्यासारखा दिसायला लागतो. त्याला नवा घाट देता येतो, पण सगळाच नाही. मधली रुंदी वाढवण्याच्या फंदात पडू नका. दोन्ही बाजूंना फोमच्या पट्ट्या चिकटवून बोर्ड रुंद करणारे लोक आहेत, पण त्यात वजन वाढतं, सांधे वाढतात आणि शेवटी हातात येतो तो रुंद झालेला जुना बोर्डच. करण्यासारखं काम आहे ते मागच्या मीटरभरात.

बोर्ड वेग घेऊन पाण्यावर घसरायला लागतो, म्हणजे प्लेनिंग करतो, तेव्हा त्याचा पुढचा भाग हवेतच असतो. पाण्याला टेकलेला असतो तो मागचा भाग. जुन्या बोर्डांत नेमका तोच भाग कमनशिबी: टेल, म्हणजे मागचं टोक, निमुळती, तळ शेवटी वर वळलेला आणि कडा गोल. नळाच्या धारेला चमच्याची पाठ टेकवा, चमचा धारेत ओढला जातो. गोल कडेचं आणि वर वळलेल्या तळाचं तेच होतं. पाणी सुटून जाण्याऐवजी चिकटून वळतं आणि टेल खाली खेचतं. नव्या बोर्डांत टेल रुंद, शेवटचा तळ सपाट आणि कडा धारदार असते, म्हणून पाणी तिथून तुटून निघतं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी एका करवतीने मिळतात. तिसरी हाताने घडवावी लागते.

कोणता बोर्ड कापू नये

मधून खाली सोडायची डॅगरबोर्डची पाती असलेला साडेतीन मीटरचा लाँगबोर्ड असेल, तर त्याला हात लावू नका. मंद वाऱ्यात तो आजही नव्या आखूड बोर्डांना मागे टाकतो. त्याची पाती, खाचेच्या तोंडाचं रबर आणि मास्टट्रॅक (शिडाच्या खांबाचा पाया सरकतो ती खोबण) दुरुस्त करा, बस्स. खालचं सगळं आहे ते साधारण २७५ ते ३०० सेंटिमीटरच्या, ५५ ते ६० रुंदीच्या, पाती नसलेल्या बोर्डांसाठी.

दुसरी अडचण मालाची. काही जुने बोर्ड पॉलिथिलीनचे असतात. नखाने खरवडलं की मेणासारखी चकली निघते. त्याला इपॉक्सी, म्हणजे हार्डनर कालवून घट्ट होणारं रेझिन, धरतच नाही, आज चिकटवलेलं उद्या सोलून येतं. असा बोर्ड नवशिक्या भाच्या-पुतण्यांना शिकायला द्या. काच-कापडाची साल असलेला बोर्डच या कामाचा.

मग आतला फोम ओळखायचा. फिनबॉक्सजवळ, म्हणजे तळाचं उभं पातं (फिन) बसतं त्या खाचेजवळ, एखादी जुनी फट असेल तिथून चिमूटभर फोम काढून ॲसिटोनच्या थेंबात टाका. विरघळला तर तो थर्माकोल, म्हणजे ईपीएस. तसाच राहिला आणि रंग पिवळट असेल तर पॉलियुरेथेन. ही दोन मिनिटांची चाचणी चुकवू नका, रेझिनची निवड यावरच ठरते.

शेवटी नाण्याने सगळ्या डेकवर, म्हणजे वरच्या बाजूवर, टकटक करा. टणक आवाज हवा. जिथे भदभद वाजतं तिथे साल फोमपासून सुटली आहे. पाय ठेवायच्या जागी हातभर सुटली असेल तर आधी ती दुरुस्ती, आणि ती मोठी असेल तर दुसरा बोर्ड शोधलेला बरा. वजनही करून लिहून ठेवा. एका कोपऱ्यावर उभा केल्यावर आत पाणी खळखळत असेल, तर हवेचा स्क्रू (आतली हवा सोडायच्या भोकाचा) काढून, तोंड खाली करून, पंख्याखाली आठवडे वाळू द्या. उन्हात नको.

आधी शीड बघा

बोर्ड जड वाटतो त्याचं खापर पुष्कळदा त्याच्यावर उगाच फुटतं. जुनं, ताणून ढगळ झालेलं शीड, दोरीने बांधायचं बूम (हाताने धरायचा आडवा दांडा) आणि जड मास्ट (शिडाचा खांब) घेऊन नवा बोर्डही चालणार नाही. शक्य असेल तर एक दिवस कुणाचं तरी नवं शीड उसनं घेऊन याच बोर्डावर चालवून बघा. त्याच वेळी मास्टचा पाया ट्रॅकमध्ये पुढे-मागे करून कुठे बरं वाटतं त्याची खूण करा. ट्रॅक पुरेसा लांब असेल आणि बरं वाटणारी जागा त्याच्या मध्यावर असेल, तर ट्रॅकला हात लावायची गरजच नाही.

बडोद्यात काम कधी आणि कुणाकडून

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात इपॉक्सीवर चिकट, पांढुरकी साय येते आणि पुढचा थर तिच्यावर बसत नाही. मे महिन्यातल्या बेचाळीस अंशांत उलट रड: मिश्रण डब्यातच गरम होऊन धूर सोडतं. ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की हाताळायचा वेळ निम्मा होतो. थंडीतले दिवस चांगले, पण रात्री पारा बारा-तेरावर येतो, तेव्हा सकाळी अकराच्या आत सगळं लावून होईल असं बघा आणि रात्री बोर्ड घरात घ्या. गच्चीवर काम करणार असाल तर उत्तरायणाचे दोन दिवस सोडूनच द्या. अख्खा रावपुरा गच्चीवर असतो आणि ओल्या रेझिनवर मांजा येऊन पडला की तो तिथलाच होतो.

मकरपुरा जीआयडीसीच्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीच्या, भागात केमिकल कारखान्यांसाठी फायबरग्लासच्या टाक्या, पाइप आणि फ्यूम हूड बनवणारे कारागीर सापडतात. हात इतका सफाईदार की बघत राहावं. पण त्यांच्या रोजच्या सवयीचा माल म्हणजे पॉलिएस्टर रेझिन आणि चॉप्ड मॅट (काचेच्या तुटक तंतूंची चटई), आणि इथेच सांभाळायचं. पॉलिएस्टरमध्ये स्टायरिन असतं, ते थर्माकोल खाऊन टाकतं. साल वरून छान दिसेल आणि आत पोकळी झालेली असेल. ‘साहेब, आम्ही रोज हेच वापरतो’ असं कुणी म्हणालं तरी ईपीएसच्या बोर्डावर इपॉक्सीच, त्यात तडजोड नाही. मॅटही नको. तिचे तंतू धरून ठेवणारा डिंक स्टायरिनमध्ये विरघळण्यासाठीच केलेला असतो, इपॉक्सीत तो नीट भिजत नाही. विणलेलं काच-कापड घ्या, चौरस मीटरला २०० ग्रॅमचं.

इपॉक्सी आपल्या दारातच बनतं. वलसाडजवळच्या अतुलचं लॅपॉक्स एल-१२ आणि के-६ हार्डनर ही जोडी इंजिनिअरिंगच्या पोरांना प्रोजेक्टमुळे माहीत असते. प्रमाण वजनाने १०० ला १०. म्हणजे १०० ग्रॅम रेझिनला १० ग्रॅम हार्डनर, आणि त्यात एका ग्रॅमची चूक म्हणजे दहा टक्क्यांची चूक. स्वयंपाकघरातला काटा चालणार नाही, ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. दुसऱ्या कंपनीचं घेतलंत तर डब्यावरचं प्रमाण पाळा. लवकर घट्ट व्हावं म्हणून हार्डनर वाढवायचा नसतो, त्याने माल फक्त ठिसूळ होतो. एका वेळी १०० ग्रॅमच्या वर कालवू नका आणि कालवल्याबरोबर पसरट ताटलीत ओता. उंच डब्यात साठलेली उष्णता थर्माकोलही वितळवते.

नायट्राइलचे हातमोजे घाला. हार्डनरची ॲलर्जी एकदा जडली की पुढे वासानेही अंगावर पुरळ उठतं. घासताना मास्क हवाच. काचेची भुकटी फुप्फुसात जायला नको आणि घरच्यांच्या पापडांवरही.

आखणी

बोर्ड पालथा करून दोन स्टुलांवर, जुन्या गाद्या घालून ठेवा. नाकापासून टेलपर्यंत सुताराच्या दोरीने मध्यरेषा मारा. मग दीड मीटरची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी तळावर मध्यरेषेवर ठेवून मागे सरकवा. कुठेतरी पट्टीखाली फट दिसायला लागते, तिथून तळ वर वळतो. ती जागा पेन्सिलने नोंदवा. बहुतेक वळण शेवटच्या थोड्या भागातच एकवटलेलं असतं.

आता रुंदी. बोर्डाच्या टेलची रुंदी मोजायची प्रथा म्हणजे टोकापासून एक फूट, म्हणजे ३०.५ सेंटिमीटरवर. समजा तुमच्याकडे ती ३४ आहे आणि टोकापासून ५० सेंटिमीटरवर रुंदी ४२ आहे. वीस सेंटिमीटर कापले की नव्या टोकापासून फूटभरावर आता जवळजवळ ४२ येते. काही न चिकटवता टेल आठ सेंटिमीटरने रुंद झाली, आणि वर वळलेला भागही गेला. बोर्डाचं आकारमान किती घटलं? कापलेल्या तुकड्याची सरासरी रुंदी १८, जाडी ५ धरली तर २० गुणिले १८ गुणिले ५ म्हणजे १,८०० घन सेंटिमीटर, दोन लिटरसुद्धा नाहीत. शंभर लिटरच्या बोर्डात ते जाणवत नाही.

किती कापायचं ते मात्र फिनबॉक्स ठरवतो. बॉक्सच्या मागे किमान सहा-सात सेंटिमीटर भरीव बोर्ड उरलाच पाहिजे, कारण फिनवर येणारा सगळा जोर तिथे जातो. बॉक्स जागेवरच राहील एवढंच कापा, हा माझा आग्रह आहे. मास्ट आणि फिन यांच्यातलं अंतर तेच राहतं, त्यामुळे बोर्डाचा तोल बिघडत नाही. फक्त फिन आपोआप टेलच्या टोकाजवळ येतो, नव्या बोर्डांत असतो तसा. बॉक्स हलवायचा म्हटलं की काम दुप्पट होतं: जुना खणून काढा, भोक भरा, नवा बसवा, तो एक अंशानेही तिरका झाला तर बोर्ड जन्मभर एका बाजूला ओढतो. वीस कापायचे मनात असेल आणि बॉक्स बाराच देत असेल, तर बारा कापा.

कापणं आणि तोंड बंद करणं

फिन, पायाचे पट्टे, स्क्रू सगळं काढा. कापायच्या रेषेवर मास्किंग टेप लावून तिच्यावर काटकोनात रेघ मारा. बारीक दातांची हातकरवत वापरा. जिगसॉचं पान जाड भागात वाकतं आणि खालची रेघ वरच्या रेघेशी जुळत नाही. वरून अर्धं, खालून अर्धं असं कापत मध्ये भेटा.

कापल्यावर आतला फोम उघडा पडतो. तो सगळीकडून सात मिलिमीटर आत कोरा, म्हणजे वरची आणि खालची साल ओठांसारखी पुढे राहील. त्या खोबणीत सहा मिलिमीटरची मरीन प्लाय कापून बसवायची. ती आधी सगळ्या बाजूंनी, विशेषतः कापलेल्या कडांना, पातळ इपॉक्सी पाजून वाळवलेली असावी. बसवताना इपॉक्सीत मायक्रोबलून (पोकळ सूक्ष्म गोळ्यांची हलकी भुकटी) कालवून पीठ करा आणि ते भरून प्लाय दाबा. पॉलिथिनची पिशवी आणि टेप लावून रात्रभर ठेवा.

दुसऱ्या दिवशी डेक आणि तळ यांच्यावरचा रंग कापलेल्या कडेपासून सहा सेंटिमीटरपर्यंत ८० नंबरच्या पॉलिश पेपरने काच दिसेपर्यंत काढा. कोपरे थोडे गोल करा, कारण काच-कापड तीक्ष्ण कोपऱ्यावर बसत नाही, उचललं जातं आणि खाली हवा राहते. मग कापडाचे दोन थर: पहिला डेक आणि तळावर तीन सेंटिमीटर चढेल इतका, दुसरा पाच. थर ओले असतानाच वरून साधं टाफेटा अस्तर दाबून लावा. ते मंगळबाजारात मिळतं. आधी तुकड्यावर लावून सुटतं का ते बघा. वाळल्यावर ते ओढून काढलं की जादा रेझिन निघून येतं आणि खाली खरखरीत, पुढच्या थराला तयार पृष्ठभाग मिळतो.

वजनाचा हिशेब डोक्यात ठेवा. या कामाला कापड लागतं एका थराला फार तर ०.३ चौरस मीटर, दोन थरांचं साधारण १२० ग्रॅम, आणि तेवढंच रेझिन. म्हणजे पाव किलो. ज्यांचे बोर्ड दीड किलोने वाढतात ते कापडामुळे नाही, थापलेल्या पुट्टीमुळे.

धारदार कड

सगळा फरक इथे पडतो, म्हणून घाई करू नका. नव्या टेलच्या खालच्या काठाला आणि दोन्ही बाजूंना पुढे साधारण ६० सेंटिमीटरपर्यंत तळाची कड टोकदार हवी.

बोर्ड पालथाच. सनमायकाच्या दोन इंची लांब पट्ट्या कापून घ्या आणि त्यांच्यावर तपकिरी पॅकिंग टेप चिकटवा, टेपला इपॉक्सी धरत नाही. पट्टी बोर्डाच्या बाजूला अशी दाबून बांधा की तिचा काठ तळाच्या पातळीपेक्षा तीन-चार मिलिमीटर वर राहील. सनमायका वळणाबरोबर छान वाकते, लाकडी पट्टीने हे जमत नाही. आता गोल कड आणि पट्टी यांच्यामध्ये जी घळ तयार होते ती इपॉक्सी आणि एरोसिल (घट्टपणा आणणारी सिलिकाची अतिबारीक भुकटी) यांच्या घट्ट पिठाने भरा. इथे मायक्रोबलून नको, ते मऊ पडतं आणि पहिल्या दगडाला कड तुटते. पिठात बारीक कापलेले काचेचे तंतू घातले तर आणखी बरं.

वाळल्यावर पट्टी काढा आणि लांब सपाट लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून तळ समपातळीत घासा. नुसत्या बोटांनी घासलंत तर लाटा पडतात, डोळ्याला दिसत नाहीत पण पाण्याला कळतात. पुढच्या टोकाला धार हळूहळू बोथट होत मूळच्या गोल कडेत विरून जावी, एकदम थांबू नये. कड बोटाला टोचेल इतकी नको, पण नख फिरवलं तर अडकलं पाहिजे.

नव्या बोर्डांच्या टेलला खालून कोपऱ्यात खाचा असतात. त्या बघून हात शिवशिवतात. पण त्या रुंद टेलचा पाण्याला टेकणारा भाग कमी करण्यासाठी असतात, आपल्या टेलमध्ये तेवढी जादा रुंदीच नाही. सोडून द्या.

पट्टे आणि फिन

जुन्या बोर्डांत पायाचे पट्टे मध्याजवळ असतात. टेल रुंद झाल्यावर ते कडेकडे सरकवले की टाचेने फिनवर जोर देता येतो. पुढे-मागे फारसं हलवायची गरज नसते. बोर्डावर उभे राहा, आरामात पाय पसरा आणि तिथे खूण करा, पुढच्या आणि मागच्या पट्ट्यात साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर येतील. स्क्रू नुसत्या फोममध्ये कधीही घालायचा नाही. खुणेच्या जागी वरच्या सालीतून २५ मिलिमीटरचं भोक पाडून चार-पाच सेंटिमीटर खोल फोम काढा, बाजूला काच-कापडाचं अस्तर द्या आणि एरोसिल, तंतू, इपॉक्सीच्या पिठाने ती नळी दोन-तीन वेळा मिळून भरा. एकदम भरलंत तर उष्णतेने आजूबाजूचा फोम वितळेल. वाळल्यावर त्यात ड्रिल करून ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्क्रू. जुनी भोकं तशीच भरून वरून कापडाची टिकली मारा.

रुंद टेलला जुना, मागे कललेला आखूड फिन पुरत नाही. साडेसहा मीटरच्या शिडाला ४० सेंटिमीटरच्या आसपासचा, उभ्या घाटाचा फिन घ्या. घेण्याआधी आपला बॉक्स कोणता ते बघा: खालून खोबणीत सरकणारा यूएस बॉक्स, वरून एक बोल्ट लागणारा पॉवर बॉक्स की दोन बोल्टांचा टटल. एकाचा फिन दुसऱ्यात बसत नाही.

रंग आणि खरखर

आधीच्या थरावर साय आली असेल तर साबण-पाण्याने धुऊन, घासून, मगच १२० आणि २२० नंबर. वरून दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग, पांढरा किंवा फिकट. घरच्या तापमानाला घट्ट झालेलं इपॉक्सी पन्नास-साठ अंशांना मऊ पडायला लागतं, आणि मेमध्ये गाडीच्या टपावरचा काळा बोर्ड तिथपर्यंत सहज पोचतो.

पाय घसरू नयेत म्हणून डेकवर ओल्या रंगावर साखर भुरभुरवा, जाडसर आणि दाट. रंग वाळला की पाण्याने धुवा, साखर विरघळते आणि मागे खड्ड्याखड्ड्यांची खरखर राहते. मुंग्या लागायच्या आत धुवा.

आठवडाभर थांबा. मग एका थंड सकाळी हवेचा स्क्रू घट्ट बंद करून बोर्ड कोवळ्या उन्हात आणा आणि नव्या सांध्यांवर साबणाचा फेस लावा. आतली हवा प्रसरण पावते, गळती असेल तिथे बुडबुडे येतात. सायकलच्या पंपाने हवा भरायचा उद्योग करू नका, साल फुगून सुटेल.

पाण्यावर

विश्वामित्रीत मगरी आहेत आणि आजव्याचं सयाजी सरोवर शहराच्या पिण्याच्या पाण्याचं, तेव्हा ते दोन्ही विचार मनातून काढा. खंभातच्या आखातात तर मुळीच नको. भावनगरच्या बाजूला मोठ्या भरती-ओहोटीचा फरक १० मीटरच्या आसपास जातो, पाणी ओसरलं की किनाऱ्यापर्यंत नुसता चिखल. गोवा, मुंबई किंवा द्वारकेकडचा किनारा गाठायचा. जाताना टपावर हवेचा स्क्रू उघडा आणि पाण्यात उतरण्यापूर्वी बंद.

पहिल्या दिवशी मास्टचा पाया जुन्या खुणेवर ठेवा. नाक उचलून बोर्ड लाटांवर आपटायला लागला तर पाया दोन सेंटिमीटर पुढे घ्या, नाक चिकटून राहिलं तर मागे. वाऱ्यावर चढताना फिन एकदम सुटून टेल बाजूला घसरली, तर मागच्या पायाचा जोर कमी करून बघा, फिन मोठा घेण्याची वेळ त्यानंतर. परत आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन प्लायच्या सांध्यावर आणि पट्ट्यांच्या स्क्रूंभोवती केसाएवढी रेघ दिसते का बघा. दिसली तर स्क्रू काढून ती जागा आठवडाभर वाळू द्या आणि पातळ इपॉक्सी सोडा. दुसऱ्या खेपेलाही तिथेच रेघ आली तर वरून कापडाचा आणखी एक थर घ्यावा लागेल.